संस्कृती, समाज आणि राजकारण : तीन शब्द, तीन दारे

आमची नात यंदा नववीत गेली. परवा रात्री जेवणे आटोपल्यावर ती सामाजिक शास्त्राचे पुस्तक आणि वही घेऊन माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "आजोबा, संस्कृती, समाज आणि राजकारण यांतला फरक तुमच्या शब्दांत सांगा. पुस्तकातला नको, तो बाईंना चालत नाही." उभा जन्म शाळेत शिकवण्यात घालवलेल्या माणसापुढे असा प्रश्न येणे म्हणजे आयते व्यासपीठच! मी खुर्चीत सावरून बसलो आणि सांगून टाकले, "संस्कृती म्हणजे आपले सणवार, समाज म्हणजे आपली माणसे, आणि राजकारण म्हणजे वर्तमानपत्राचे पहिले पान."

तिने ते निमूटपणे लिहून घेतले. मग पेन्सिल दाताखाली धरून क्षणभर थांबली आणि विचारले, "मग आजोबा, वरच्या खोलीसाठी ते सर आले होते आणि तुम्ही त्यांना आडनाव विचारलंत, ते या तिन्हींपैकी कशात बसतं?"

प्रसंग चार वर्षांपूर्वीचा. वडोदऱ्यातील आमच्या जुन्या घराची वरची खोली रिकामी होती. एक तरुण प्राध्यापक पत्नीसह जागा पाहण्यास आले. खानदेशाकडचे, शुद्ध मराठी बोलणारे, नम्र. जागा त्यांना पसंत पडली. मी भाडे सांगण्याआधी आडनाव विचारले. आडनावावरून नीट उलगडा होईना, तेव्हा "म्हणजे मूळचे कोण आपण?" असेही विचारले. उत्तर ऐकल्यावर "घरात विचार करून कळवतो" असे म्हणालो, आणि कधीच कळवले नाही. पुढे कोणी विषय काढलाच तर "घरात देवघर आहे, सोवळेओवळे आहे; शेवटी संस्कृतीचा प्रश्न आहे" असे म्हणून मी मोकळा होत असे. नात तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती. ती जिन्यात बसून सारे ऐकत होती, हे माझ्या ध्यानीही नव्हते.

त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. नंतरचे काही दिवस कपाटातील जुनी पुस्तके काढून वाचली, आणि ध्यानात आले की ज्या तीन शब्दांचा अर्थ आपणांस पाठ आहे असे वाटते, त्यांचीच आपण सर्वांत अधिक गल्लत करतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांत तर हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत. म्हणून जे वाचले, जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

संस्कृती : रक्तातून नव्हे, शिकवणुकीतून

इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर याने १८७१ साली आपल्या ग्रंथात संस्कृतीची जी व्याख्या केली, ती आजही विद्यार्थ्यांना प्रथम सांगितली जाते. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि मनुष्याने समाजाचा घटक म्हणून संपादन केलेल्या इतर सर्व सवयी व क्षमता यांचा संमिश्र समुच्चय म्हणजे संस्कृती, असा तिचा आशय. या व्याख्येत सर्वांत मोलाचा शब्द आहे 'संपादन केलेल्या'. संस्कृती जन्माबरोबर येत नाही, ती शिकावी लागते. मराठी आईबापांचे तान्हे मूल गुजराती घरात वाढले तर ते गुजरातीच बोलेल. त्याच्या रक्तातील मराठी त्याला 'आई' हा शब्दही शिकवणार नाही.

आम्हां वडोदरेकरांसमोर याचे मोठे उदाहरण आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातील एक मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून वडोदऱ्याच्या गादीवर आला. अक्षरओळखही नसलेल्या त्या मुलाला शिक्षक नेमून शिकवण्यात आले. तोच पुढे महाराज सयाजीराव म्हणून गाजला. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानाला लागू केला. विद्या कुळातून येत नाही, ती शिकवावी लागते, हे स्वतःच्या आयुष्यावरून कळलेल्या माणसाने ते इतरांसाठी केले.

जे शिकले जाते ते बदलतेही. इंदूरच्या मराठी घरातील पोह्यांना जिलेबीची सोबत मिळाली, वडोदऱ्याच्या मराठीत गुजरातीचे शब्द आले, हैदराबादच्या मराठीला दखनीचा लहेजा आला. तंजावरकडे पाहावे. तेथे भोसल्यांचे राज्य सतराव्या शतकात स्थापन झाले आणि १८५५ साली ते इंग्रजांनी खालसा केले. राज्य गेले, तरी तेथील मराठी कुटुंबांनी तमिळच्या शेजारात आपली भाषा घराच्या उंबरठ्याआत पुढे कित्येक पिढ्या चालू ठेवली. पुणेरी कानाला ती वेगळी वाटेल, पण म्हणून ती अशुद्ध ठरत नाही. संस्कृती हे बरणीत घालून फडके बांधलेले लोणचे नव्हे. ते विरजण आहे. रोज नव्या दुधात घालावे तेव्हाच ते टिकते.

येथे आणखी एक संकल्पना जाणून घ्यावी. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहॅम समनर याने १९०६ साली आपल्या ग्रंथात मांडलेली स्वसमूहकेंद्रितता. आपला समूह हाच जगाचा मध्यबिंदू मानून इतर सर्वांची त्या मापाने मोजणी करणे, हा तिचा अर्थ. मामाच्या मुलीशी लग्न ही महाराष्ट्रातील अनेक जातींत मान्य, किंबहुना हौसेची गोष्ट. उत्तरेकडील शेजाऱ्याला ती ऐकून धक्का बसतो, कारण त्याच्या दृष्टीने ते भाऊबहीणच. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील आप्तसंबंधांवरील ग्रंथात देशाचे असे विभाग पाडून दाखवले आहेत. उत्तरेची चाल वेगळी, दक्षिणेची वेगळी, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात. आपण मधले, म्हणून दोन्हीकडचे आपल्याला थोडेथोडे नावे ठेवणार, हे ओघानेच आले!

दुसऱ्याची चाल त्याच्या संदर्भात समजून घ्यावी, या वृत्तीला सांस्कृतिक सापेक्षता म्हणतात. परंतु समजून घेणे म्हणजे समर्थन करणे नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ज्या चालीने कोणाचा अपमान होतो, ती चाल का पडली हे समजले तरी अपमान हा अपमानच राहतो.

समाज : नात्यांची चौकट

संस्कृती म्हणजे जगण्याची रीत, तर समाज म्हणजे त्या रीतीने एकमेकांशी बांधलेल्या माणसांची रचना. कोणी कोणाशी कसे वागावे, कोणाला मान द्यावा, कोणाच्या घरी पाणी प्यावे, कोणाशी सोयरीक करावी, हे सारे समाजरचनेचे प्रश्न. तिच्यात प्रत्येकाला एक दर्जा असतो आणि त्या दर्जाला जोडलेली एक भूमिका असते. नियम मोडणाऱ्यास शिक्षाही असते. ती नेहमी तुरुंगाचीच असते असे नाही. हळदीकुंकवाचे बोलावणे न येणे, पंक्तीत जागा न मिळणे, मुलीचे स्थळ परत जाणे, याही शिक्षाच. समाज त्या गाजावाजा न करता देतो, म्हणून त्या अधिक झोंबतात.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ राल्फ लिंटन याने १९३६ साली दर्जाचे दोन प्रकार सांगितले. जन्माने मिळतो तो अर्पित दर्जा. स्वतःच्या कर्तृत्वाने मिळतो तो अर्जित दर्जा. पुरुष वा स्त्री असणे, अमक्या जातीत जन्मणे हा पहिला. डॉक्टर, शिक्षक, कारागीर होणे हा दुसरा. एखादा समाज किती पुढारलेला आहे हे पाहायचे असेल तर तेथे दोहोंपैकी कोणत्या दर्जाला अधिक वजन आहे ते पाहावे.

आपल्याकडे या वजनाचा काटा जातीने धरून ठेवला आहे. या विषयाचा अभ्यास आधुनिक पद्धतीने करणाऱ्यांत मराठी माणसे आघाडीवर होती, याचा अभिमान अवश्य बाळगावा. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९०९ साली निघाला. हेच केतकर १९३१ साली हैदराबादेत भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एका पंचवीस वर्षांच्या मराठी विद्यार्थ्याने जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीचे मर्म पंक्तिभेदात किंवा धंद्यात नसून अंतर्विवाहात, म्हणजे आपल्याच गटात लग्न करण्याच्या बंधनात आहे, असे त्याने त्यात प्रतिपादन केले. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. त्यांना परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती दिली होती ती आमच्या वडोदरा संस्थानाने.

राजकारण : निर्णय कोणाचा, आणि तो का मानायचा

राजकारण म्हटले की आपल्याला निवडणूक आणि भाषणे आठवतात. वस्तुतः अनेक माणसांना बांधणारा निर्णय कोणी घ्यायचा, कसा घ्यायचा आणि इतरांनी तो का मानायचा, या सर्व व्यवहाराचे नाव राजकारण. जर्मन विचारवंत माक्स वेबर याने १९१९ साली म्यूनिक येथील व्याख्यानातून राज्यसंस्थेची खूण सांगितली. ठरावीक भूप्रदेशात बळाचा न्याय्य वापर करण्याचा एकाधिकार जिला यशस्वीपणे सांगता येतो, ती राज्यसंस्था. शेजारी आपल्यावर रागावू शकतो, अबोला धरू शकतो. पण आपल्याला पकडून कोठडीत टाकू शकत नाही. ते फक्त राज्यसंस्था करू शकते.

केवळ बळावर मात्र कोणतीही सत्ता फार काळ चालत नाही. लोकांनी ती न्याय्य मानावी लागते, आणि मग तिला अधिसत्ता म्हणतात. वेबरच्या मते तिचे आधार तीन : परंपरा, व्यक्तीचे तेज आणि कायदा. हे समजण्यास ग्रंथ नको, आपले एखादे मराठी मंडळ पुरे. "अण्णा सांगतील तसे करू, ते सर्वांत जुने सभासद," ही परंपरेची अधिसत्ता. एखादे कार्यकर्ते असे असतात की त्यांनी हाक दिली की चाळीस माणसे मांडव घालायला धावतात, ती तेजाची. आणि वार्षिक सभेत कोणी घटनेचे पुस्तक उघडून "कलम सातप्रमाणे गणसंख्या पूर्ण नाही" असे म्हणाले, की सारे मुकाट्याने अर्धा तास थांबतात, ती कायद्याची!

राज्यसंस्था, सरकार आणि राष्ट्र हेही वेगवेगळे. सरकार निवडणुकीने बदलते, राज्यसंस्था टिकते, आणि राष्ट्र ही 'आपण एक आहोत' अशी लोकांच्या मनातील भावना असते. घटकराज्यांच्या सीमा तर बदलतच असतात. आमचे घर वडोदरा संस्थानात बांधले गेले. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १ मे १९६० रोजी आम्ही गुजरातचे झालो. घर जागचे हलले नाही. पत्त्यातील राज्य तेवढे दोनदा बदलले. त्या दोन्ही दिवशी आमच्या स्वयंपाकघरात आमटीच शिजली असेल, आणि ती मराठीतच वाढली गेली असेल.

एक शहर, एक प्रसंग

तिन्ही संकल्पना एकत्र पाहायच्या असतील तर आमच्याच शहरातील १९१७ सालचा प्रसंग आठवावा. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून आंबेडकर कराराप्रमाणे वडोदरा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. राज्यसंस्थेचे दार त्यांच्यासाठी उघडे होते. तिनेच त्यांना शिकवले होते, तिनेच पद दिले होते. अर्जित दर्जा म्हणावा तर शहरात त्यांच्या तोडीचे शिक्षण झालेली माणसे विरळाच.

परंतु त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर पारशी नाव घेऊन ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. एका हिंदू स्नेह्याने नोकर निघून जातील अशी अडचण सांगितली. एका ख्रिस्ती स्नेह्याने पत्नीला विचारावे लागेल असे म्हटले. ज्याला आम्ही कमाटीबाग म्हणतो, त्या सयाजीबागेत ते काही तास बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. हे सारे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे.

यात महाराजांचे फर्मान आड आले नव्हते. हिंदूंच्या, पारशांच्या वा ख्रिस्तांच्या संस्कृतीत पाहुण्याला हाकलावे असेही कोठे शिकवलेले नाही. अतिथीचा गौरव तर सर्वांच्याच तोंडी. मग आड आला तो कोण? आड आला समाज, म्हणजे अर्पित दर्जाचा काटा. राज्यसंस्थेने दार उघडले, संस्कृतीने स्वागताचे शब्द दिले, आणि समाजाने आतून कडी घातली.

पुढे याच गृहस्थांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले, की २६ जानेवारी १९५० पासून आपण एका विसंगतीच्या आयुष्यात प्रवेश करणार आहोत : राजकारणात समता, आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता. कमाटीबागेतील ते तास ज्याने काढले, त्याला हा भेद कोणा परदेशी ग्रंथातून शिकावा लागला नसेल.

गल्लत कोठे होते

आता आपल्याकडे वळू. आपल्या तक्रारींपैकी बऱ्याच चुकीच्या दारावर ठोठावल्या जातात.

नातवंडे मराठी वाचत नाहीत, हे दुःख घरोघरी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले. ते योग्यच झाले. पण सरकारी दर्जामुळे कोणाचे मूल आजीशी मराठीत बोलू लागत नाही. ते संस्कृतीचे काम, आणि ते जेवणाच्या पाटावर होते. याउलट, प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकण्याची सोय हवी, ही मागणी घरात कुरकुरून भागत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २९ ने आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला आहे. १९५६ साली घातलेल्या अनुच्छेद ३५०-क ने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचे कर्तव्य राज्यांवर टाकले आहे. हे राजकारणाचे दार. तेथे अर्ज घेऊनच गेले पाहिजे.

बेळगावकडील बांधवांचा प्रश्न १९५६ च्या राज्यपुनर्रचनेतून आला. तो मूलतः राजकीय आहे, आणि २००४ साली महाराष्ट्राने तो सर्वोच्च न्यायालयात नेला. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला आणि गोवा महाराष्ट्रात विलीन न करण्याचा निर्णय लोकांनी दिला. म्हणून तेथील देवळांतील मराठी कीर्तन थांबले नाही, की उत्सवातील मराठी नाटक बंद पडले नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केले आणि मराठीच्या शासकीय वापरासही वाव ठेवला. राजकीय सीमा आणि सांस्कृतिक सीमा एकच असतात असे समजणाऱ्याने एकदा गोव्यातील जत्रेची रात्र पाहून यावी.

कधी तिन्ही दारे एकमेकांत उघडतात, हेही खरे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने जवळच्या नात्यातील विवाह निषिद्ध ठरवले, पण उभय पक्षांच्या रूढीस मान्य असेल तर सूट ठेवली. मामाच्या मुलीचे लग्न त्या सुटीवर उभे आहे. रीत संस्कृतीची, नाते समाजाचे, आणि मान्यता राज्यसंस्थेची. तिन्ही एकत्र आहेत, म्हणूनच कोणते कोठे संपते हे ओळखता आले पाहिजे.

आणि सर्वांत मोठी गल्लत म्हणजे समाजातील उच्चनीचतेला संस्कृतीचे नाव देऊन तिच्यावर शाल पांघरणे. संस्कृती म्हटले की प्रश्न विचारणारा गप्प बसतो. तो शब्दच तसा सोज्वळ आहे. म्हणूनच तो वापरताना फार जपले पाहिजे.

वहीतील उत्तर

आठ दिवसांनी मी नातीला पुन्हा बोलावले. म्हणालो, "बाळ, तुझ्या त्या प्रश्नाचे उत्तर आज देतो. देवघरात दिवा लावणे ही आपली संस्कृती. त्या सरांना आडनाव विचारणे हा समाज, आणि तोही समाजाचा वाईट भाग. मी त्याला संस्कृती म्हणत होतो, ते खोटे होते. ते सर वर राहिले असते तर आपला दिवा विझला नसता."

ती काही वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, "हे असंच लिहू? तुमच्या नावासकट?"

मी म्हटले, "लिही."

ते प्राध्यापक आता या शहरात नाहीत असे कळले, त्यामुळे त्यांची क्षमा मागायची राहूनच गेली. वरची खोली मात्र या महिन्यात पुन्हा रिकामी होत आहे. दारावर लावायची पाटी नातीने आपल्या अक्षरात लिहिली आहे, मराठीत आणि गुजरातीत. जागा पाहायला येणाऱ्याला काय विचारायचे तेही आम्ही घरात बसून ठरवले आहे : माणसे किती, नोकरी कोठे, आणि पाण्याची वेळ सकाळी सहाची आहे, ती चालेल ना? चौथा प्रश्न नाही.

वाचकांनाही विनंती एवढीच, की एखाद्या रात्री जेवणानंतर घरातील मुलांना हे तीन शब्द विचारावेत, आणि मुलांनी उलट काही विचारले तर रागावू नये.